चारशे पासवर्ड आणि माझा जुना नंबर

पेनड्राइव्ह करदोड्याला बांधून आणणारा माणूस मी पाहिला आहे. पुसेगावचे किसनराव. सातबारा, फेरफार, मुलीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर, सगळं एकाच पेनड्राइव्हमध्ये, आणि तो कपाटाच्या किल्लीशेजारी कमरेला. आंघोळीलाही काढत नसत. दर दोन महिन्यांनी यायचे आणि म्हणायचे, "ताई, पेनडाय उघडून न्हाई राहिला. तुमच्या मशीनमंदी काही तरी बिघाड हाय." बिघाड म्हणे माझ्या मशीनमध्ये! एकदा मी तो झटकून पाहिला तर त्यातून साबणाचं पाणी निघालं.

हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावात जीपस्टँडजवळ चोवीस वर्षं मी टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवलं. आता गुडघ्यांनी संप केला म्हणून ते सुनेकडं दिलंय. मी दुपारी जाऊन बसते आणि तिच्या चुका काढते. संपादकांचा निरोप आला की अंकासाठी धंद्यातल्या गमती लिहा. गमती! चोवीस वर्षं माझं डोकं तापलेलंच होतं. मी तेच लिहिते, त्यात कुणाला गंमत सापडली तर घ्यावी.

बाहेरच्याला वाटतं, या धंद्यात काय, बसायचं आणि टकटक करायचं. टाइप करणं हे काम नव्हेच. खरं काम असतं, समोरच्याचा कागद नेमका कुठं आहे हे त्याच्याकडून काढून घेण्याचं. माणूस येतो आणि म्हणतो, "मागच्या वर्षी तुमी एक अर्ज करून देला होता, तो काढा." कोणता अर्ज? "तोच की." कधी केला? "सोयाबीन निघालं व्हतं तवा." एवढ्यावर मी तो अर्ज काढायचा. मी काढायचीही, तो भाग वेगळा.

पूर्वी सगळ्यांच्या फायली माझ्याच कॉम्प्युटरवर असत. एकदा वीज पडली, म्हणजे खरोखरच खांबावर पडली, आणि मशीनसकट सगळं गेलं. तेव्हापासून मी प्रत्येकाला पेनड्राइव्ह घ्यायला लावला आणि एका दुखण्यातून उठून दुसऱ्यात पडले. पेनड्राइव्ह म्हणजे पाणपोईवरचा पेला. शाळेत लावला, ग्रामपंचायतीत लावला, फोटो स्टुडिओत लावला आणि मग माझ्याकडं आणला. एका ठिकाणचा व्हायरस चार ठिकाणी. या व्हायरसची एक खोड होती. फायली आतच असायच्या पण दिसायच्या नाहीत, आणि ज्या दिसायच्या त्या उघडायच्या नाहीत. गिऱ्हाईक माझ्याकडं असं बघायचं की जणू मीच खाल्ल्या.

आमच्या एका मुख्याध्यापकांकडं तर चार पेनड्राइव्ह होते. एकात 'अहवाल फायनल', दुसऱ्यात 'अहवाल फायनल खरा', तिसऱ्यात 'अहवाल फायनल खरा हाच घ्या'. चौथा त्यांच्या शर्टासोबत धुतला गेला होता, आणि लागणारा अहवाल नेमका त्यातच होता. गुरुजी मलाच म्हणाले, ताई, काही उपाय करा. मी म्हटलं, गुरुजी, शर्टाला इस्त्री करून देऊ का?

म्हणून क्लाउडचं कळलं तेव्हा मला वाटलं, सुटले बाई एकदाची. हिंगोलीला एका दोन दिवसांच्या वर्गात ते शिकवलं. फाइल इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवायची. तिथं ती जपली जाते. आपला ईमेल आणि पासवर्ड टाकला की कुठल्याही मोबाईलवर, कुठल्याही दुकानात उघडते. मी गावात आल्यावर हळदीच्या भाषेत समजावून सांगायला लागले. हळद घरात ठेवली तर घूस आहे, ओल आहे, किडा आहे. वखारीत ठेवली तर चिंता नाही, फक्त पावती जपायची. पासवर्ड म्हणजे पावती. हे लोकांना बराबर पटलं. पटलं एवढंच, पावती मात्र कुणीच जपली नाही.

ईमेलचं खातं काढायचं तर मोबाईल नंबर लागतो. पासवर्ड विसरला किंवा नव्या मशीनवर खातं उघडलं, की त्या नंबरवर कोड येतो, ओटीपी. तो टाकला तरच दार उघडतं. आता आमच्या गिऱ्हाइकांचे नंबर ऐका. एकाचं सिम बंद. एकाचा मोबाईल पुण्याला पोराकडं. एकीचा मोबाईल चालू, पण तिच्या सिमला माझ्या दुकानात रेंज नाही, म्हणून ती बाहेर चिंचेखाली जाऊन उभी राहायची आणि कोड घेऊन परत येईपर्यंत त्याची मुदत संपायची. कोड आला तर वाचायचा कुणी? बाहेर दहा माणसं रांगेत, आत मी एकटी. मग मी काय करायची? माझाच नंबर टाकायची. पासवर्डही मीच ठरवायची, सगळ्यांचे एकाच साच्यातले, आणि एका जाड वहीत लिहून ठेवायची. साचा इथं सांगत नाही, दोघातिघांनी अजून बदललेला नाही. आमच्याकडच्या बहुतेक दुकानांत असंच चालायचं. पाच-सहा वर्षांत माझ्या वहीत चारशेच्या वर नावं झाली. चारशे घरांच्या वखारींच्या पावत्या माझ्या एकटीच्या ड्रॉवरमध्ये, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. कुणी म्हणायचं, "माझं खातं ताईकडं हाय", की मला बरं वाटायचं.

सुजाता याच वहीतली. बुद्धविहाराच्या मागं तिचं घर. वडील गवंडी, आई अंगणवाडीत मदतनीस. पोरगी हुशार आणि कमी बोलणारी. लातूरला नर्सिंग करून आली तेव्हा तिच्या गळ्यात एक लाल पेनड्राइव्ह होता, दोरी लावून ओवलेला. दहावीपासून नर्सिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंतचे सगळे कागद स्कॅन करून त्यात ठेवलेले. मी तो मशीनला लावला, तर व्हायरसनं भरलेला. मी तिला चांगलीच झापली. शिकलेली पोरगी तू, अजून हे गळ्यात घालून फिरतेस? कशाबशा फायली वाचवल्या, तिचं खातं काढलं, सगळं क्लाउडवर चढवलं आणि पेनड्राइव्ह पुसून कोरा करून तिच्या हातात दिला. ती म्हणाली, ताई, यातबी राहू द्या ना एक प्रत. मी म्हटलं, काही गरज नाही. नंबर माझा टाकला होता, पासवर्ड वहीत लिहिला होता, मग आणखी काय पाहिजे?

दोन वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यातल्या नर्सच्या भरतीत तिचं नाव गुणवत्ता यादीत लागलं. त्यांच्या घरात पहिली सरकारी नोकरी. आता फक्त कागद पोर्टलवर चढवायचे होते, पाच दिवसांच्या मुदतीत. मी लोकांना नेहमी बोल लावते की मेले शेवटच्या दिवशी येतात. ही दुसऱ्याच दिवशी आली. दुकानात पीकविम्याची झुंबड होती. मी मान वर न करता म्हटलं, "सगळं वर आहे, सुजाता. पाच मिनिटांचं काम. शुक्रवारी निवांत ये." शुक्रवार हा शेवटचा दिवस होता.

शुक्रवारी दोन वाजता ती आली, आई सोबत. जातीचा दाखला, दहावी-बारावी, आधार, हे घरी होतं, ते मूळ कागद तिनं आणले होते आणि मी लगेच स्कॅन करून चढवले. राहिल्या नर्सिंगच्या तीन वर्षांच्या गुणपत्रिका. त्यांचे मूळ कागद लातूरला कॉलेजात जमा होते. स्कॅन प्रती वर होत्याच. मी वहीतून पासवर्ड काढला, टाकला. पासवर्ड बरोबर निघाला. पण मशीन म्हणालं, हा कॉम्प्युटर आम्हाला नवा आहे, ओळख पटवा, तुमच्या नंबरवर कोड पाठवला आहे.

कॉम्प्युटर नवाच होता, आठवड्यापूर्वी घेतलेला. आणि नंबर जुना होता. माझ्या त्या जुन्या कंपनीची रेंज गोरेगावात येईनाशी झाली, तेव्हा मी दुसरं सिम घेतलं होतं. जुनं ड्रॉवरमध्ये पडलं होतं. आज रिचार्ज करू, उद्या करू, असं करता करता वर्ष उलटलं होतं. मी ते सिम शोधून मोबाईलमध्ये घातलं. नेटवर्क नाही.

सुजाताच्या मोबाईलवर ते खातं चालू असेल म्हणून तिचा मोबाईल मागितला. तो नवा होता. नवा मोबाईल घेतला की मोबाईलवाला त्यात नवाच ईमेल काढून देतो, ही आमच्याकडची दुसरी तऱ्हा. एकेका माणसाचे चार-चार ईमेल असतात, आणि त्याला एकही सांगता येत नाही. सुजातालाही तेच झालं होतं.

शेवटी मी माझ्याच जुन्या नंबरवर फोन लावला. रिंग गेली. एका माणसानं उचलला.

वापरात नसलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते, हे मला ऐकून माहीत होतं. माझ्या बाबतीत होईल असं कशाला वाटेल? आता तो नंबर भोकरकडच्या एका खेड्यातल्या गणपतराव नावाच्या शेतकऱ्याकडं होता. मी कोण ते सांगितल्यावर गृहस्थ अगोदर माझ्यावरच घसरले. सहा महिने झाले, दिवसातून दहा-दहा मेसेज येतात, हा कोड, तो कोड. शिवाय कोण कोण फोन करून विचारतं, ताई, माझा दाखला आला का? मी ताई न्हाई म्हणून सांगून त्यांचं तोंड दुखलं होतं. मी सगळं ऐकून घेतलं. मग हात जोडल्यासारखं बोलून विनंती केली की दादा, आत्ता एक सहा आकडी कोड आलाय, तेवढा वाचून दाखवा, एका लेकराच्या नोकरीचा प्रश्न आहे.

ते म्हणाले, "बाई, तुमचा आवाज खरा वाटून राहिला. पण फसवणाराबी असाच बोलतो. मेसेजमंदीच लिहून येतं, कोणाला सांगू नका म्हणून."

माझ्या पाठीमागच्या भिंतीवर मीच लाल अक्षरांत छापलेली पाटी होती: ओटीपी कोणालाही सांगू नका. गावातल्या प्रत्येक माणसाला मी हे दटावून शिकवलं होतं. भोकरच्या माणसाला कुणी तरी तेवढ्याच नीट शिकवलं होतं, त्याला मी काय म्हणणार? तरी म्हटलं. आवाज चढवला, मग उतरवला. वडील माणसाला शोभणार नाही असं काही तरी बोललेसुद्धा. त्यांनी फोन ठेवला नाही, पण कोडही दिला नाही.

सुजातानं माझ्या हातातून मोबाईल घेतला. तिनं शांतपणे सगळं सांगितलं, यादीतला तिचा क्रमांक, कॉलेजचं नाव, वडील काय करतात, पाच वाजता काय बंद होणार आहे. पलीकडून नुसतं हं, हं येत होतं. शेवटी ते म्हणाले, "पोरी, मला लई वाईट वाटून राहिलं. पण न्हाई." स्पीकर चालू होता, आम्ही तिघींनी ऐकलं.

मग कॉलेजला फोन. तिथले कारकून लग्नाला गेले होते आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात होती. वर्गमैत्रिणींना फोन, त्यांच्याकडं त्यांचे कागद, हिचे कसे असणार? मी पुन्हा पुन्हा कोड मागवत राहिले, गणपतरावांचं मन वळेल या आशेनं. चार-पाच वेळा मागवल्यावर मशीननं सांगितलं, फार प्रयत्न झाले, नंतर या. सव्वाचार वाजता आम्ही भोकरला जाण्याचा विचारही केला. इथून सेनगाव, सेनगावहून हिंगोली, तिथून पुढं नांदेड, मग भोकर. बोलता बोलताच तो किती येडेपणाचा आहे ते कळत होतं. सुजाताची आई बाकावर बसून होती. तिनं मला एकदाही काही विचारलं नाही. माझ्यावर तिचा केवढा भरवसा होता ते त्या दिवशी दिसलं, आणि तो सहन होईना.

पाच वाजता पोर्टलवरचं बटण गेलं. तिथं नुसतं लिहून आलं, मुदत संपली.

सुजातानं कागद गोळा केले, एकेक फाइलमध्ये सरळ लावले. मला वाटलं, रडेल. रडली असती तर मीही रडून मोकळी झाले असते. ती म्हणाली, "ताई, पेनड्राइव्ह व्हता तवा माझ्याजवळ तर व्हता." आणि आईला घेऊन गेली.

पाच वीसला फोन वाजला. गणपतराव. "मी लेकीला विचारलं, बाई. ती म्हणली, काम खरं दिसतं, देऊन टाका. लिहून घ्या." आणि त्यांनी एकेक आकडा सावकाश, दोनदा वाचून दाखवला. तो कोड केव्हाच शिळा झाला होता. त्यांना ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी लिहून घेतला आणि उपकार झाले म्हटलं.

पुढं मी सुजाताबरोबर दोनदा जिल्ह्याला खेटे घातले. अर्ज दिला, चूक माझी आहे असं लिहून दिलं. तिथले साहेब चांगले बोलले, पण मुदत संपल्यावर त्यांच्या हातातही काही नव्हतं. प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला बोलावणं गेलं. कुणावर तरी चिडावं असं फार वाटायचं. कंपनीवर, कॉलेजवर, भोकरच्या माणसावर. कुठूनही सुरुवात केली तरी राग फिरून माझ्याच दुकानात यायचा. "शुक्रवारी निवांत ये" हे मी म्हटलं होतं, दुसऱ्या कुणी नाही.

मग मी वही काढली. एकेकाला बोलावून प्रत्येक खात्यावरचा माझा नंबर काढून त्याचा त्याचा घालायचा, असं ठरवलं. आणि ते करायचं तर प्रत्येक खात्याचा कोड पुन्हा त्या जुन्याच नंबरवर, म्हणजे गणपतरावांकडंच जाणार. सांगायला हसू येतं, पण पुढचे तीन-चार महिने त्या माणसानं रोज दुपारी मला कोड वाचून दाखवले. "थांबा बाई, मोटर बंद करून येतो," म्हणायचे. त्यांची एक अट होती. ज्याचं खातं, त्यानं आधी स्वतः फोनवर बोललं पाहिजे, नाव आणि गाव सांगितलं पाहिजे. नुसत्या माझ्या शब्दावर त्यांनी एकही कोड दिला नाही. जे मी चोवीस वर्षांत केलं नाही ते त्यांनी बांधावर उभं राहून केलं. आणि आमची माणसं? निम्म्यांनी माझ्याशीच वाद घातला. "काहून बदलता ताई? तुमच्याकडंच राहू द्या. आमाला कुठं ध्यानात राहून राहिलं." एका म्हातारीनं तर कागदावर लिहून दिलेला पासवर्ड माझ्याच टेबलाच्या काचेखाली ठेवला आणि गेली. मी डोक्याला हात लावला.

सुजाताचं खातं पहिल्याच दिवशी केलं. ती आली, फोनवर नाव सांगितलं, कोड घेतला, गेली. माझ्याशी एक शब्द नाही. नंतर ऐकत होते की हिंगोलीला एका खासगी दवाखान्यात लागली आहे, बारा-बारा तास उभी असते. तिची आई रस्त्यात भेटायची, नेहमीसारखीच बोलायची. ते मला जास्त लागायचं.

या उन्हाळ्यात पुन्हा भरती निघाली. सुजातानं फॉर्म स्वतःच्या मोबाईलवर स्वतः भरला, आमच्या दुकानाकडं फिरकलीसुद्धा नाही. मागच्या महिन्यात एका दुपारी अचानक दारात उभी. सून जेवायला गेली होती, गल्ल्यावर मी एकटीच. परीक्षेच्या प्रवेशपत्राची प्रिंट पाहिजे होती, गावात प्रिंटर आमच्याकडंच. जी परीक्षा ती एकदा पास झाली होती तीच तिला पुन्हा द्यायची होती. मी "बस" म्हटलं. सवयीनं कीबोर्ड पुढं ओढला, चष्मा लावला आणि म्हटलं, हं, सांग पासवर्ड.

ती बसली नाही. म्हणाली, "ताई, मी टाकते. तुमी जरा तिकडं पाहा."

मी उठले, खुर्ची तिला दिली आणि रस्त्याकडं तोंड करून उभी राहिले. समोर सेनगावची जीप भरत होती. पाठीमागं टकटक सुरू झाली. चांगलाच लांब पासवर्ड होता, संपता संपेना. "झालं, पाहा आता," असं ती म्हणेपर्यंत मी वळले नाही.